पुन्हा विद्यार्थी होताना

गेल्या मे महिन्यातील एका रविवारी, सकाळचा दुसरा चहा चालू असताना, माझी भाची दारात उभी राहिली. हातात सेव-उसळीचे पुडके होते. बडोद्यातील भाचरे मामाकडे सेव-उसळ घेऊन येतात ती बहुधा काही तरी मागण्यासाठी, हे मामेपणाच्या इतक्या वर्षांत मी जाणून आहे. परंतु या खेपेस तिला काही मागावयाचे नव्हते, विचारावयाचे होते. पुडके मामीच्या हाती देऊन तिने पिशवीतून दोन कागद काढले आणि माझ्यापुढे ठेवले.

"मामा, आठ दिवसांत पैसे भरायचे आहेत, आणि कुठे भरायचे तेच ठरत नाही."

एक कागद एका आय.आय.टी.तील केमिकल इंजिनिअरिंगच्या एम.टेक. प्रवेशाचा होता, दुसरा एका नामांकित व्यवस्थापन संस्थेतील एम.बी.ए.च्या प्रवेशाचा. मुलगी सत्तावीस वर्षांची. येथील विद्यापीठातून केमिकल इंजिनिअर झाली आणि गेली पाच वर्षे शहराबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात उत्पादन विभागात काम करते आहे. नोव्हेंबरात कॅट दिली, फेब्रुवारीत गेट दिली, आणि दैव असे की दोन्ही परीक्षा साधल्या. एकच साधली असती, तर प्रश्न उरला नसता.

तिच्या पाठोपाठ तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तू तिला नीट सांग. एम.बी.ए. कर म्हणावं. त्या कारखान्यातून सुटेल तरी पोर. आणि पैशाचं काही बोलू नकोस तिच्यापाशी. हे ठेवी मोडायला तयार आहेत." मेहुण्यांना निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. त्या ठेवी दांडिया बाजारातील जुन्या घराच्या छपरासाठी राखून ठेवल्या होत्या, हे मला ठाऊक होते. आणि भाचीलाही ठाऊक होते.

हा प्रसंग एकट्या आमच्या घरातला नाही, म्हणूनच वाचकांपुढे मांडीत आहे. बारावीनंतर मूल कोठे जाणार, हे बव्हंशी गुणपत्रिका ठरविते आणि उरलेले वडील ठरवितात. परंतु चार-पाच वर्षे नोकरी केलेला मुलगा किंवा मुलगी जेव्हा "मला पुढे शिकायचे आहे" असे म्हणते, तेव्हा ती निवड प्रथमच खऱ्या अर्थाने तिची असते. हातात पगार आलेला असतो, त्या पगाराची घराला सवय झालेली असते, लग्नाची बोलणी चाललेली असतात. अशा वेळी पुन्हा पाटी-दप्तर घेणे सोपे नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. नोकरी केलेल्या इंजिनिअरपुढे साधारणतः चार वाटा असतात.

पहिली वाट एम.टेक.ची. त्यासाठीची गेट ही परीक्षा बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आय.आय.टी. मिळून घेतात. तिचा गुणांक तीन वर्षे चालतो, हे पुष्कळांना माहीत नसते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यातले पहिले वर्ष मुख्यतः वर्गातले आणि दुसरे प्रबंधाचे. गेटच्या आधारे पूर्णवेळ प्रवेश घेणाऱ्यास गेली काही वर्षे दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळत आले आहे. त्याबदल्यात आठवड्यातून आठएक तास शिकविण्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामात साह्य करावे लागते. ज्यांना त्यांचा कारखानाच शिकावयास पाठवितो, त्यांच्यासाठी काही संस्थांत निराळ्या जागा असतात. त्यांना विद्यावेतन नसते. केमिकलच्या विद्यार्थ्यांना आय.आय.टी.खेरीज मुंबईची, १९३३ साली स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञान संस्थाही आहे. जुनी मंडळी तिला अजून यू.डी.सी.टी. म्हणूनच ओळखतात.

दुसरी वाट संशोधनाच्या पदव्युत्तर पदवीची. मद्रासच्या आय.आय.टी.त तिला एम.एस. म्हणतात, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत एम.टेक. (रिसर्च). येथे वर्ग थोडे आणि प्रबंध मोठा. येथे संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोण मिळतो, याकडे अधिक पाहावे लागते.

तिसरी वाट व्यवस्थापनाची. कॅटचा गुणांक त्या वर्षीच्या प्रवेशापुरताच उपयोगी पडतो. अहमदाबाद आणि कलकत्ता येथील व्यवस्थापन संस्था १९६१ सालच्या. २०१७ च्या कायद्यापूर्वी या संस्था पदविका देत, आता पदवी देतात. हिशेब, वित्त, विक्री, माणसांची हाताळणी, उत्पादनाचे नियोजन असे सर्वच विषय दोन वर्षांत शिकविले जातात. पहिल्या रांगेतील संस्थांचे शुल्क वीस लाखांच्या वर गेले आहे. चार-पाच वर्षांचा अनुभव असणाऱ्यांसाठी एक वर्षाचे अभ्यासक्रमही आहेत, त्यांना जीमॅटसारखी परीक्षा द्यावी लागते. ज्यांना कारखान्याच्या अंगणातच राहून व्यवस्थापन शिकावयाचे असे, ते पूर्वी पवईच्या 'निटी'कडे पाहत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साह्याने १९६३ साली उभी राहिलेली ती संस्था २०२३ पासून आय.आय.एम. मुंबई झाली आहे.

चौथी वाट नोकरी न सोडता शिकण्याची. बिट्स पिलानीसारख्या संस्था नोकरदारांसाठी असे अभ्यासक्रम फार वर्षांपासून चालवीत आहेत. पगार चालू राहतो. मात्र रविवार जातात, आणि दिवसभर कारखान्यात उभे राहिलेल्या माणसाचे रात्री पुस्तकावर किती लक्ष राहते, हे ज्याचे त्यानेच ठरवावे. पदवीची मान्यता तपासल्यावाचून मात्र या वाटेने पाऊल टाकू नये.

आता हिशेब. भाचीने तो वहीच्या मागल्या पानावर मांडूनच आणला होता. महिना पन्नास हजार पगार धरला, तर दोन वर्षांत बारा लाख बुडतात. हे दोन्ही वाटांना सारखेच. एम.टेक.ला चोवीस महिन्यांचे विद्यावेतन २,९७,६०० रुपये परत येते. एम.बी.ए.ला शुल्काचे वीस-बावीस लाख वर लागतात. त्यांपैकी वीस लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने काढून सात वर्षांत फेडावयाचे, तर दरमहा सुमारे ३३,२०० रुपयांचा हप्ता येतो आणि एकूण फेड जवळजवळ अठ्ठावीस लाखांची होते. शिकत असतानाचे व्याज निराळे. दुसऱ्या बाजूस, चांगल्या संस्थेतून एम.बी.ए. होणाऱ्याचा पहिला पगार बहुधा एम.टेक.वाल्यापेक्षा बराच अधिक असतो आणि हप्ता त्यातून निघतो. निघेलच, असे मात्र कोणी लिहून देत नाही.

"हिशेबाने दोन्ही जमतंय, मामा," ती म्हणाली, "म्हणून तर आले."

तिचे म्हणणे खरे होते. हिशेबाने नको ती वाट बंद होते. हवी ती कोणती, हे हिशेब सांगत नाही. तेव्हा मी तिला माझी स्वतःची गोष्ट सांगितली. ती घरात सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा शेवट मी सहसा सांगत नाही.

मी १९७६ साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालो आणि एका कंपनीत लागलो. पाच वर्षे बरी गेली. मग एक वरिष्ठ आले, त्यांचे आणि माझे जमेना. एके दिवशी त्यांनी चारचौघांत माझे ड्रॉइंग टेबलावर परत फेकले. त्या संध्याकाळी घरी येऊन मी जाहीर केले की मी एम.ई. करणार. कशात, असे पत्नीने विचारले. त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या विषयात जागा शिल्लक होती, तो विषय मी घेतला. १९८१ साली नोकरी सोडली. आमची थोरली तेव्हा वर्षाची होती. दोन वर्षे माझ्या पत्नीने पुढच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेतल्या, आणि मी आतल्या खोलीत अभ्यास केला. पहिला वर्ग मिळाला. १९८३ साली दुसऱ्या कंपनीत लागलो. तेथे खुर्ची तशीच होती, काम तसेच होते, आणि वरिष्ठही थोड्याफार फरकाने तसेच निघाले. पुढल्या एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एम.ई.च्या वह्या मी एकदाच उघडल्या, त्याही घर बदलताना.

कोठून निघावयाचे, एवढाच विचार मी केला होता. कोठे जावयाचे, हा विचार केलाच नव्हता. त्याची किंमत पुढच्या खोलीत बसून दुसऱ्याच कोणी तरी भरली.

"तेव्हा कुठून सुटायचं आहे, ते तुझ्या आईनं मला फोनवर सांगितलं," मी म्हणालो. "शिकायचं काय आहे, ते तू सांग."

ती गप्प बसली. मग मी तिला तिच्या वहीबद्दल विचारले. ती नोकरीस लागली तेव्हा मी तिला एक जाड वही दिली होती. कारखान्याचे लॉगबुक कारखान्याचे असते. आपले अडलेले प्रश्न आपल्या वहीत लिहावे, असे सांगितले होते. माझी पिढी उपदेश पुष्कळ करते आणि तरुण मंडळी तो पाळतात असे नाही. पण या मुलीने तो पाळला होता. दुपारी ती घरी जाऊन वही घेऊन आली.

पाच वर्षांची वही. बहुतेक नोंदी दोन-दोन ओळींच्या होत्या. अमुक गाळणी पुन्हा तुंबली. तमुक कच्चा माल उशिरा आला. सुट्टीच्या दिवशी कंत्राटी माणसांना काम समजावून सांगणारे कोणी नव्हते. मात्र एका जानेवारीतील तारखेखाली सात पाने भरली होती, आणि पुढे महिनोन्महिने त्याच गोष्टीकडे ती पुनःपुन्हा वळलेली दिसत होती.

त्या दिवशी तिची पाळी संपली होती, पण बॅच अर्धवट होती म्हणून ती थांबली. रिअ‍ॅक्टरमध्ये एक द्रव्य हळूहळू सोडावयाचे, त्यातून उष्णता निघते, आणि बाहेरच्या जॅकेटमधून फिरणाऱ्या थंड मिठवणीने ती काढून घ्यावयाची, अशी ती क्रिया. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, तापमापकावर काहीही विशेष दिसत नसताना, तेथील वीस वर्षांचे जुने ऑपरेटर अचानक म्हणाले, "बेन, आज ही चढते आहे," आणि त्यांनी द्रव्याची झडप बंद केली. मिठवणीचा पंप मंदावला होता. झडप बंद झाल्यावरही तापमान बारा मिनिटे चढत राहिले, अकरा अंशांनी चढले, आणि मग उतरले. कोणास काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी रजिस्टरात एक ओळ लिहिली गेली.

ही गोष्ट तिने घरी सांगितली नव्हती.

येथे वाचकांसाठी थोडे विज्ञान सांगणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे. वाटीत ओतलेले दूध पाहता पाहता निवते. तेच दूध मोठ्या पातेल्यात असले तर तासभर गरम राहते. भांडे सर्व बाजूंनी दुप्पट केले, तर आतला माल आठपट होतो, पण उष्णता बाहेर पडावयाचा पृष्ठभाग चौपटच वाढतो. म्हणून प्रयोगशाळेतील काचेच्या चंबूत निमूटपणे होणारी क्रिया कित्येक हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये आवरेनाशी होऊ शकते. त्यातही तापमान चढू लागले की क्रियेचा वेग, आणि म्हणून निघणारी उष्णता, झपाट्याने वाढत जाते. जॅकेट उष्णता काढते ते मात्र बेताबेताने. या दोन्हींची शर्यत गणिताने मांडण्याचे काम निकोलाय सेमेनोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९२८ साली केले. पुढे १९५६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ही शर्यत हरली म्हणजे काय होते, हे १९८४ च्या डिसेंबरात भोपाळने पाहिले. तेथे टाकीतील द्रव्यात पाणी शिरले आणि उष्णता देणारी क्रिया आवरेनाशी झाली.

तिच्या सात पानांत दोन प्रश्न होते. एक असा : झडप बंद केली, म्हणजे नवे द्रव्य जावयाचे थांबले, मग तापमान बारा मिनिटे का चढत राहिले? आधी सोडलेले द्रव्य क्रिया न होता आत साचून राहिले असावे आणि मग एकदम पेटले असावे, हा तिचा तर्क. तो शास्त्राला धरून आहे. पण किती साचले होते? किती साचले तर धोका? बॅच लावण्यापूर्वीच ते मोजता येईल काय? हे तिला ठाऊक नव्हते, आणि कारखान्यातही कोणाला ठाऊक नव्हते.

दुसरा प्रश्न असा : पंपाच्या सीलचे मागणीपत्र ऑक्टोबरात गेले होते, ते तीन महिने कोणाच्या टेबलावर पडून होते, आणि का?

वाचकांच्या ध्यानात आले असेल. एकाच संध्याकाळने दोन प्रश्न उभे केले होते, आणि आमच्यापुढे पडलेले दोन कागद त्या दोन प्रश्नांचेच होते. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत आहे. दुसऱ्याचे उत्तर पैसा, अधिकार आणि माणसे यांच्या व्यवस्थेत आहे. तो प्रश्न कमी मोलाचा आहे असे कोणी म्हणू नये. त्या संध्याकाळी सील वेळेवर आले असते, तर पहिला प्रश्न उद्भवलाच नसता.

मला या वेळी आपल्या कलाभवनाची आठवण झाली. महाराज सयाजीरावांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू केले. त्रिभुवनदास गज्जर हे त्यामागचे विद्वान. तेच कलाभवन पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाची तंत्रशाखा बनले, आणि माझी भाची तेथेच शिकली. त्या कलाभवनाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत दादासाहेब फाळके होते. येथे ते चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. मग गोध्र्यास छायाचित्रांचा व्यवसाय केला, पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, लोणावळ्यास छापखाना काढला, रंगीत छपाई शिकण्यासाठी १९०९ साली जर्मनीस गेले. एवढे सर्व झाल्यावर, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले. तेथे त्यांचा मुक्काम अगदी थोडा होता आणि कोणतीही पदवी त्यांना मिळाली नाही. पण चलच्चित्र कसे तयार होते, हे पाहण्यासाठी ते गेले होते. ते पाहून, कॅमेरा घेऊन ते परतले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. वीस वर्षांच्या धंद्याने त्यांना नेमके काय येत नाही, हे शिकविले होते. म्हणून थोड्या दिवसांचे शिक्षण त्यांना पुरले. त्यांच्या वाटचालीतही घरची माणसे होतीच. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने त्या चित्रपटापायी गहाण पडले, हे विसरून चालणार नाही.

मी भाचीला एवढेच विचारले : "या दोन प्रश्नांपैकी कोणता तुला झोपू देत नाही?"

तिने पुष्कळ वेळ वही चाळली. मग म्हणाली, "सीलचं उत्तर मला माहीत आहे, मामा. खरेदीची सही एकाच माणसाकडे होती आणि तो रजेवर होता. ते सुधारायला एम.बी.ए. लागत नाही, कोणी तरी मोठ्यानं बोलायला हवं होतं, आणि मी बोलले नाही. पण तापमानाचं उत्तर मला अजून माहीत नाही. ते काका नसते तर?"

"मग एम.बी.ए.चा अर्ज का केलास?"

"आई म्हणते म्हणून. आणि..." ती थांबली. "आणि त्या दिवसानंतर रिअ‍ॅक्टरजवळ गेलं की पोटात खड्डा पडतो, म्हणून."

हे सांगावयास तिला धैर्य लागले. ऐकावयास मलाही लागले. भीती वाटणे हे कारखाना सोडण्यासाठी अगदी योग्य कारण असू शकते, असे मी तिला सांगितले. जिवाची किंमत पदवीहून मोठी आहे, आणि तू कारखाना सोडलास तर कोणी तुला भित्री म्हणणार नाही. मात्र सोडावयाचेच असेल तर भीतीपोटी सोडते आहे, एवढे स्वतःशी कबूल करून सोड. त्याला महत्त्वाकांक्षेचे नाव देऊन वीस लाखांचे कर्ज काढू नकोस. मी माझ्या अपमानाला एम.ई.चे नाव दिले होते.

वाचकांनी यावरून असा समज करून घेऊ नये की मी एम.टेक.चा पुरस्कर्ता आहे. आमच्या शेजारचा एक सिव्हिल इंजिनिअर मुलगा सहा वर्षे पुलांच्या कामावर होता. त्याच्या मनात काँक्रीटविषयी एकही प्रश्न उरला नव्हता. काम वेळेत का संपत नाही, बिले का अडकतात, मजूर हंगामात गावी गेले तर वेळापत्रक कसे बसवावे, हेच त्याला छळीत असे. तो व्यवस्थापन शिकावयास गेला, आणि योग्य तेच त्याने केले. तो एम.टेक.ला गेला असता तर मी त्याला माझ्या वह्यांची गोष्ट सांगितली असती.

आता उरला होता घरचा भाग. मी भाचीला एक अट घातली. "निर्णय काय तो तू घे, पण त्या संध्याकाळची गोष्ट आई-वडिलांना सांगून घे. ते ठेवी मोडायला निघाले आहेत आणि त्यांना अर्धीच हकिकत ठाऊक आहे. हे बरं नव्हे."

तिने त्याच रात्री सांगितले. बहीण ऐकून उठून आत गेली; दोन दिवस लेकीशी कामापुरते बोलली. तिसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. "दादा, शिकून ही पुन्हा तिथेच जाणार का रे? तसल्याच ठिकाणी?" मी म्हणालो, "बहुधा जाईल. पण तेव्हा ती भांड्यात काय चाललं आहे ते मोजून आत जाईल. आज ती, आणि तिच्यासारखे इतर, न मोजताच जात आहेत." फोनवर पुष्कळ वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "वसतिगृहात तिला थंडीचं पांघरूण लागेल," आणि फोन ठेवला.

ठेवी मोडाव्या लागल्या नाहीत. छपराचे काम पावसाळ्यापूर्वी उरकले. एका दूरच्या आत्याबाईंनी सत्तावीस वर्षांच्या मुलीने वसतिगृहात जाण्याविषयी शंका काढली, तिला उत्तर देण्याचे काम मेहुण्यांनी आपणहून अंगावर घेतले. नोकरी सोडण्यापूर्वी भाचीने व्यवस्थापकांना एक टिपण लिहून दिले. त्यात सीलची हकिकत तारखांसह होती. त्यावर काय झाले, हे अद्याप कळलेले नाही. पण ती या खेपेस मोठ्याने बोलली.

ज्या घरांत असा प्रश्न उभा आहे, त्यांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. गेटचा गुणांक तीन वर्षे टिकतो, म्हणून मन ठरत नसेल तर एक वर्ष थांबण्यात नुकसान फारसे नसते. शुल्क भरण्याच्या शेवटच्या तारखेला आपल्या आयुष्याची तारीख ठरवू देऊ नये. संस्थेच्या नावाबरोबर तेथे आपला प्रश्न शिकविणारे कोणी आहे काय, हे पाहावे. प्राध्यापकांचे काम त्यांच्या संस्था प्रसिद्ध करीत असतात आणि नम्रपणे पत्र लिहिले तर पुष्कळजण उत्तरही देतात. कर्ज काढावयाचे तर हप्ता आजच्या पगाराशी ताडून पाहावा, उद्याच्या कल्पनेतल्या पगाराशी नव्हे. आणि दोन वर्षांचा भार घरात कोणावर पडणार आहे, हे त्या माणसाला आधी विचारावे.

जूनच्या अखेरीस भाचीचे सामान बांधून झाले. मी तिला नवी कोरी वही दिली. ती नमस्कार करून गेल्यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुमच्या एम.ई.च्या वह्या माळ्यावर तशाच पडल्या आहेत. तिला द्यायच्या होत्या."

"त्या तिच्या विषयाच्या नाहीत," मी म्हणालो.

"तुमच्या तरी कुठं होत्या!" असे म्हणून त्या चहाचे कप उचलून आत गेल्या.